किरकोळ शत्रूचा हिशेब

मुलाच्या हातातील पडद्यावर एखादा अजस्र राक्षस आग ओकू लागला की घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष तिकडे जाते. ‘हे काय भलतेसलते पाहतोस?’ असा प्रश्न येतो, खेळ थोडा वेळ थांबतो, आणि वडीलधारी मंडळी दुसऱ्या खोलीत गेली की पुन्हा सुरू होतो. मात्र त्या राक्षसापर्यंत पोहोचण्यापूर्वी मुलाने वाटेत चाळीस-पन्नास माणसे लोळवलेली असतात, ती कोणाच्याच ध्यानात येत नाहीत. मुलाच्याही नाही. ती कोण होती, कोणत्या अपराधासाठी पडली, असे विचारले तर तो गोंधळून पाहत राहतो. त्याच्या दृष्टीने ती माणसे नव्हतीच. ती वाट होती.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील व्यापारी कुटुंबांत आता या खेळांची दुसरी पिढी वाढत आहे. आज पेढी सांभाळणारे पन्नाशीच्या आसपासचे अनेक गृहस्थ शाळेच्या वयात मे महिन्याच्या सुट्टीत व्हिडिओ गेम पार्लरच्या अंधाऱ्या गाळ्यात उभे राहिलेले आहेत. त्यांनाही मोठे खलनायक आठवतात. किरकोळ शत्रू आठवत नाहीत. वास्तविक खेळाचा सारा व्यवहार चालतो तो याच किरकोळ शत्रूवर. पैसा त्याच्यापाशी खर्च होतो आणि मनाला वळण लागते तेही त्याच्यापाशीच. म्हणून पालकांनी या खेळांचा विचार करताना राक्षसापेक्षा अधिक बारकाईने पाहावे ते या दुबळ्या, सदैव हरणाऱ्या शत्रूकडे.

शत्रूची ओळख

मारामारीच्या खेळात शत्रूंचे ढोबळमानाने दोन वर्ग असतात. एक टप्प्याच्या शेवटी भेटणारा बलाढ्य शत्रू. खेळणारे त्याला ‘बॉस’ म्हणतात. दुसरा वाटेवरचा. तो एकटा येत नाही, घोळक्याने येतो. एक-दोन ठोशांत पडतो, क्षणभर लुकलुकतो आणि नाहीसा होतो. त्याचे प्रेत उरत नाही, त्यामुळे प्रश्नही उरत नाही.

१९८४ साली जपानच्या आयरेम कंपनीने ‘कुंग फू मास्टर’ हा खेळ काढला, त्यात या शत्रूचे रूप स्पष्ट दिसते. पाच मजल्यांच्या इमारतीत कोंडलेल्या तरुणीला सोडवण्यासाठी नायक एकेक मजला चढत जातो. दोन्ही बाजूंनी माणसे धावत येतात. ती एका फटक्यात पडतात. पण जवळ पोहोचली तर नायकाला नुसती मिठी मारतात आणि त्याची शक्ती हळूहळू ओसरू लागते. त्यानंतर १९८७ मध्ये टेक्नोस कंपनीचा ‘डबल ड्रॅगन’ आणि १९८९ मध्ये कॅपकॉम कंपनीचा ‘फायनल फाइट’ आला आणि रस्त्यावरील गुंडांच्या टोळ्यांशी लढत पुढे जाण्याचा प्रकार जगभर रुजला.

मुंबईच्या पार्लरांत मात्र खरे राज्य केले ते १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ने. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथेवर कॅपकॉमने तो रचला होता. इतके लांबलचक नाव उच्चारण्याच्या भानगडीत मुले पडली नाहीत. चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा. त्याच्यावरून साऱ्या खेळालाच ‘मुस्तफा’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि आजही त्या पिढीतील माणसे त्याला त्याच नावाने ओळखतात.

या खेळातील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. नायकाने एखाद्या किरकोळ गुंडाला ठोसा मारला की पडद्यावर त्या गुंडाची शक्तिरेषा उमटे आणि तिच्याजवळ त्याचे नावही येई. कोणी फेरिस होता, कोणी ड्रायव्हर होता. ‘फायनल फाइट’मध्येही ब्रेड, डग, जेक, सायमन्स अशी नावे दिलेली होती. म्हणजे निर्मात्यांनी या माणसांना नावाविना ठेवले नव्हते. नाव समोर लिहिलेले असे. ते वाचायला खेळणाऱ्याला सवड नसे.

परळमधील पूर्वज

नायकाने एकट्याने दहा जणांना लोळवावे ही कल्पना जपानी यंत्रांबरोबर मुंबईत आली असे मात्र नाही. तिचा एक जुना पत्ता परळचाच आहे. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हिटोन ही चित्रसंस्था उभी केली. परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वास्तूत तिचा स्टुडिओ होता. १९३५ साली तिथे ‘हंटरवाली’ तयार झाला आणि मेरी इव्हान्स ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली तरुणी ‘फिअरलेस नादिया’ या नावाने घराघरांत पोहोचली. चाबूक फिरवीत ती गुंडांच्या झुंडीवर तुटून पडे, धिप्पाड पुरुषांना खांद्यावर उचलून फेकी. प्रेक्षक टाळ्या वाजवीत त्या नादियासाठी. फेकल्या जाणाऱ्या पुरुषांची नावे लक्षात ठेवण्याचे कोणाला कारण नव्हते. पुढे १९४२ साली याच जागेत व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले.

चित्रपट आणि खेळ यांचे हे नाते बाहेरच्या जगातही दिसते. ‘कुंग फू मास्टर’ जपानमध्ये जॅकी चॅनच्या एका चित्रपटाच्या नावाने विकला गेला आणि मजल्यामागून मजला चढण्याची त्याची कल्पना ब्रूस लीच्या चित्रपटाशी नाते सांगते. फरक एवढाच की चित्रपटात पडणारा माणूस हाडामांसाचा असे. मार बेताने कसा घ्यावा आणि इजा न होता कसे पडावे हे त्याचे कौशल्य होते, आणि चित्रीकरण आटोपल्यावर तो मजुरी घेऊन घरी जाई. खेळातील शत्रूला घर नाही, मजुरी नाही. तो फक्त पुन्हा येतो.

एकच ताका, रंग निराळे

हा शत्रू तयार कसा होतो, हे समजून घेतले तर व्यापाऱ्याला त्यात ओळखीचे बरेच काही सापडेल. त्या काळच्या यंत्रांची स्मृती फार थोडी होती. प्रत्येक गुंडाचे चालणे, मारणे, पडणे स्वतंत्रपणे चितारून साठवणे परवडणारे नव्हते. म्हणून आकृती एकदाच साठवली जाई आणि रंगांची यादी तेवढी बदलली जाई. ‘फायनल फाइट’मधील ब्रेड आणि डग एकाच अंगकाठीचे, कपडे वेगळ्या रंगाचे. त्याच खेळातील अँडोर नावाचे आडदांड पैलवान तर एका कुटुंबातले म्हणून दाखवले आहेत, आणि तेही एकाच आकृतीची रंग बदललेली रूपे आहेत. मुळजी जेठा मार्केटमध्ये एकाच विणीचे ताके चार रंगांत मांडले की दुकान भरलेले दिसते. तसाच हा प्रकार.

दुसरी युक्ती गर्दीची. पडद्यावर सहा-सात गुंड नायकाभोवती जमतात, पण नीट पाहिले तर सगळे एकदम तुटून पडत नाहीत. एक-दोघे पुढे येतात, उरलेले भोवती घुटमळत पाळीची वाट पाहतात. तसे नसते तर कोणताही खेळाडू अर्धा मिनिटही टिकला नसता. मुलाला वाटते, आपण एकट्याने सहा जणांना पुरे पडलो. प्रत्यक्षात शत्रूला थांबायला शिकवलेले असते.

तिसरी युक्ती शत्रूच्या निवडीची. किरकोळ शत्रू कोण असावा हे निर्माते विचारपूर्वक ठरवतात. रस्त्यावरचा गुंड, यंत्रमानव, चालते प्रेत, असुर: ज्याला मारताना मन अडखळणार नाही असाच तो असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा देखणा खेळ प्रसिद्ध केला. आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली मुलगी, राजस्थानी धर्तीचे वाडे आणि किल्ले, कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या कथा, असा त्याचा घाट पूर्ण भारतीय आहे. त्यातही वाटेवरचे शत्रू हवेच होते. तेथे ते असुर झाले. देश बदलला, पोशाख बदलला, जागा तीच राहिली.

नाण्याचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. पार्लरमधील यंत्र नाण्यावर किंवा मालकाने दिलेल्या टोकनवर चाले. खेळणारा जितका वेळ यंत्रासमोर उभा राही तितकी मागच्या मुलाची पाळी लांबे, म्हणजे मालकाची कमाई थांबे. दुसरीकडे, मुलगा पहिल्याच मिनिटात हरला तर तो पुन्हा येणार नाही. या दोन टोकांच्या मध्ये खेळ तोलून धरण्याचे काम किरकोळ शत्रूकडे असे. यंत्राच्या आत बारीक खटक्यांची एक ओळ असते. तिच्यावरून खेळ किती अवघड ठेवायचा, एका नाण्यात किती ‘जीव’ द्यायचे, हे ठरवता येते. वजनकाट्याचे माप दुकानदाराच्या हाती असावे, तसे.

नायकाची शक्तिरेषा ही व्यापाऱ्याच्या खेळत्या भांडवलासारखी असते. किरकोळ शत्रूच्या एका फटक्याने ती जेमतेम जराशी कमी होते. तेवढ्याची कोणी फिकीर करत नाही. असे वीस फटके खाल्ले की बॉससमोर पोहोचेपर्यंत भांडवल निम्म्यावर आलेले असते. मग बॉस मारतो, आणि मुलाला वाटते की आपण बॉसमुळे हरलो. पडद्यावर उलटी गणती सुरू होते: नऊ, आठ, सात... तेवढ्या वेळात दुसरे नाणे टाकले तर तेथूनच पुढे जाता येते, नाही तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात. खिशात हात जाण्यासाठी याहून प्रभावी क्षण कोणत्या विक्रेत्याला साधता आला असता? किरकोळ खर्चाच्या खात्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या दुकानदाराचीही गत हीच होते. मोठी रक्कम ताळेबंदात ठळक दिसते. बारीक गळती वर्षअखेरीस बेरीज केल्याशिवाय दिसत नाही.

पुढे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची घरगुती यंत्रे आली. गिरगावपासून चार पावलांवरच्या लॅमिंग्टन रोडवर त्यांची कॅसेट मिळू लागली आणि नाण्याचा प्रश्न मिटला. एकदा कॅसेट घेतली की वाटेल तितक्या वेळा हरा. याच काळातील एक गोष्ट किरकोळ शत्रूचे महत्त्व दाखवते. १९९० साली ‘फायनल फाइट’ घरगुती यंत्रासाठी काढला गेला, तेव्हा त्या यंत्राच्या मर्यादेमुळे पडद्यावर एका वेळी येणारे गुंड बरेच कमी करावे लागले. बॉस जवळजवळ तेच होते, तरी खेळाची धग कमी झाल्याची तक्रार राहिली. खेळाचा जीव गर्दीत होता.

आज नाणे पुन्हा आले आहे, फक्त ते दिसत नाही. मोबाइलवरील बहुतेक लोकप्रिय खेळ फुकट उतरवून घेता येतात. पैसे लागतात ते आत गेल्यावर, पोशाखांसाठी, शस्त्रांच्या सजावटीसाठी, वाट लवकर सरावी म्हणून. तेथेही किरकोळ शत्रू दारात उभा असतोच. शंभर खेळाडूंच्या लढाईच्या खेळांत नवख्याच्या पहिल्या सामन्यांत माणसांबरोबर यंत्राने चालवलेले खेळाडूही मिसळलेले असतात. ‘बॉट’ या नावाने ओळखले जाणारे हे खेळाडू सहज हरतात. नवखा जिंकतो, त्याला आपल्या कौशल्याचा हुरूप येतो आणि तो टिकून राहतो. गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत चहा पाजण्याचाच हा प्रकार.

२०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती सुरू झाली. त्या वेळी कंपनीने अल्पवयीनांसाठी दिवसाला ३ तासांची आणि ७,००० रुपयांच्या खर्चाची मर्यादा जाहीर केली. रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला आणि ‘मारले’ऐवजी ‘संपवले’ अशा अर्थाचा शब्द योजला गेला. मर्यादा घालणे चांगलेच. परंतु एका मुलाने एका दिवसात ७,००० रुपये ही जर मर्यादा असेल, तर कमाईची अपेक्षा किती असावी याचा अंदाज व्यापारी वाचकाला सहज येईल.

सैन्य बाजूला ठेवलेले युद्ध

पैशाचा हिशेब मांडता येतो. मनाचा हिशेब अधिक अवघड, आणि तेथे जैन कथापरंपरेतील दोन प्रसंग उपयोगी पडतात.

पहिला भरत-बाहुबलींचा. दोन्ही भावांची सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा मंत्र्यांनी विचार केला, असे जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात सांगितले आहे. दोघेही भाऊ चरमशरीरी. त्यांना काही होणार नाही. मरतील ते सैनिक. म्हणून सैन्ये बाजूला ठेवून दोघांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे असे ठरले. श्वेतांबर परंपरेत द्वंद्वाचे प्रकार निराळे सांगितले आहेत, पण सैन्याला वाचवण्याचा हेतू तोच. पडद्यावरील नायकही एका अर्थी असाच अमर असतो; एक नाणे टाकले की त्याला नवा जीव मिळतो. मरतात ते वाटेवरचे. जगातील बहुतेक युद्धकथा ज्या पायदळाला मोजतच नाहीत, त्याचा विचार या कथेत युद्धापूर्वी केलेला आहे.

योगायोगाने व्हिडिओ खेळांतही ही फारकत झाली आहे. ‘फायनल फाइट’ तयार होत असताना तो ‘स्ट्रीट फायटर ८९’ या नावाने दाखवला गेला होता. मग वाटा वेगळ्या झाल्या. त्याच कंपनीच्या १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये गर्दी नाही, दोन तुल्यबळ प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाला नाव आहे, देश आहे, लढण्याची रीत आहे. जिंकण्यासाठी समोरच्याचा अभ्यास करावा लागतो. मारामारी दोन्हीकडे आहे, पण एकीकडे समोरच्याकडे पाहावे लागते.

दुसरा प्रसंग यशोधर राजाचा. सोमदेवसूरींनी शके ८८१, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ चंपूत तो विस्ताराने आला आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा असा आई चंद्रमतीचा आग्रह. राजा नकार देतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. पिठात जीव नव्हता, तरी मारण्याचा संकल्प खरा होता, आणि त्यामुळे मायलेकांना अनेक जन्म तिर्यंच योनीत फिरावे लागले, असे कथा सांगते. ‘चित्रच तर आहे’ या युक्तिवादाला दहाव्या शतकात दिलेले हे उत्तर आहे.

तथापि ही कथा मुलाला भीती घालण्यासाठी वापरणे अन्यायाचे ठरेल. राजाचा संकल्प बळीचा होता. मुलाच्या मनात बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यावर पोहोचण्याची ओढ असते. आधुनिक मानसशास्त्राचे मतही संयमी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ संघटनेने २०२० साली म्हटले की, हिंसक खेळ आणि ओरडणे, ढकलणे यांसारखी आक्रमक वागणूक यांत अल्प पण विश्वसनीय संबंध आढळतो. गंभीर हिंसाचाराचे खापर मात्र या खेळांवर फोडण्यास पुरेसा आधार नाही. तेव्हा मुलगा गुन्हेगार होईल ही भीती अवास्तव आहे. विचार करण्याजोगी गोष्ट याहून साधी आहे: समोरच्याचे नाव लिहिलेले असूनही ते न वाचण्याची सवय. ज्या घरात नोकर, हमाल, डिलिव्हरीचा मुलगा, लिफ्टमन रोज समोर येतात, तेथे या सवयीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

घरात काय करता येईल

मोबाइल काढून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. तो मित्राच्या मोबाइलवर जातो. काही गोष्टी मात्र सहज जमण्यासारख्या आहेत. मोबाइलमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड मागितला जाईल अशी व्यवस्था असते; ती चालू करावी आणि तो पासवर्ड मोठ्यांनीच ठेवावा. मुलाला खेळासाठी काही रक्कम द्यायचीच असेल, तर ती महिन्याला ठरवून द्यावी आणि खर्चाची छोटी वही त्यालाच लिहायला सांगावी. दहा-वीस रुपयांच्या नोंदींची बेरीज त्याने स्वतः केली की किरकोळ शत्रूची ताकद त्याला उपदेशाविना कळेल.

खेळ निवडतानाही वाव आहे. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अंडरटेल’ या खेळात वाटेवरच्या प्रत्येक दुबळ्या शत्रूला स्वभाव आहे. एकाला विनोद सांगून हसवता येते, दुसऱ्याची समजूत घालता येते, आणि मग त्याला सोडून देता येते. एकालाही न मारता हा खेळ शेवटपर्यंत नेता येतो. किंबहुना सर्वांत समाधानकारक शेवट तसा खेळणाऱ्यालाच मिळतो. जगभर गाजलेल्या खेळात हे शक्य झाले, याचा अर्थ किरकोळ शत्रूला मारलेच पाहिजे ही या माध्यमाची अट नाही.

आणि कधीतरी अर्धा तास मुलाशेजारी बसावे. रागावण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. त्याला विचारावे: हा समोरून येतो आहे तो कोण? त्याचे नाव काय? आधी मारलेल्याचा आणि याचा चेहरा सारखाच का आहे? मुले हुशार असतात. रंग बदललेली आकृती दाखवून दिली की त्यांना युक्ती चटकन उमगते आणि मग तीच पुढच्या चार युक्त्या शोधून काढतात. त्या दिवशी कदाचित टप्पा पूर्ण होणार नाही. बॉस उद्याही तेथेच असेल.